नफ्याच्या लक्ष्याआधी तोट्याची मर्यादा

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने फ्युचर्स आणि ऑप्शन्सवरील रोखे व्यवहार कर वाढवला. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून ‘सेबी’ने निर्देशांकांवरील करारांचे किमान मूल्य १५ लाख रुपयांवर नेले. सट्ट्याला लगाम घालण्याचा हा हेतू स्तुत्यच. मात्र सरकार कराचा दर ठरवते आणि नियामक कराराचा आकार. दिवसाकाठी किती कमवायचे, हे व्यवहार करणारा स्वतःच ठरवतो. बहुतेकांचा घात नेमका तिथेच होतो.

‘सेबी’ने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये रोख बाजारात डे ट्रेडिंग करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जण तोट्यात होते. वर्षात ५०० हून अधिक व्यवहार करणाऱ्यांत तर हे प्रमाण ८० टक्के होते. अशा व्यवहारांत तिशीच्या आतील तरुणांचा वाटा २०१८-१९ मध्ये १८ टक्के होता, तो चार वर्षांत ४८ टक्क्यांवर गेला. नोकरीची अनिश्चितता आणि हातातील मोबाइल यांच्या संगतीत हा वर्ग बाजारात उतरला आहे, हे धोरणकर्त्यांनी विसरता कामा नये.

‘रोज फक्त एक टक्का’ हे लक्ष्य ऐकायला माफक वाटते. वर्षात बाजाराचे सुमारे २५० दिवस धरले आणि नफा पुन्हा गुंतवत गेले, तर या हिशेबाने एका लाखाचे बारा लाख व्हायला हवेत! असे लक्ष्य गाठता आले नाही की उरलेल्या तासाभरात मोठा डाव लावला जातो. घराच्या हप्त्यावरून लक्ष्य ठरवणाऱ्याचेही तेच होते. बाजाराला कोणाचा हप्ता ठाऊक नसतो.

वास्तववादी लक्ष्याची सुरुवात नफ्यापासून नव्हे, तोट्यापासून होते. एक लाखाच्या भांडवलावर एका व्यवहारात हजार रुपयांपेक्षा अधिक गमवायचे नाहीत, असे ठरवून स्टॉपलॉस लावला आणि नफ्याचे लक्ष्य दोन हजार ठेवले, तर दहापैकी सहा अंदाज चुकूनही दोन हजार रुपये उरतात. त्यातूनही दलाली आणि कर वजा होतात. रोखे व्यवहार कर तर नफा होवो वा तोटा, कापला जातोच. म्हणूनच व्यवहारांची संख्या कमी ठेवणे आणि दिवसाची मर्यादा संपताच थांबणे, हीच खरी शिस्त होय.

केंद्र सरकारी अधिकाऱ्यांसाठी हा प्रश्न आणखी सोपा आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १६ त्यांना सट्ट्यास मनाई करतो आणि शेअरची वारंवार खरेदी-विक्री हा सट्टाच मानतो. त्यांचे डे ट्रेडिंगमधील लक्ष्य शून्यच असायला हवे.

इतरांना मात्र केवळ इशाऱ्यांवर सोडून चालणार नाही. व्यवहारापूर्वी ग्राहकाकडून दिवसाच्या तोट्याची मर्यादा नोंदवून घेणे आणि ती ओलांडताच त्या दिवसापुरते खाते थांबवणे, हे दलालांवर बंधनकारक करावे. प्रत्येक व्यवहारातून महसूल घेणाऱ्या सरकारवर एवढी जबाबदारी येतेच.