भागीदारी की रखवालदारी?

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये राज्यांना एक पत्र धाडले. देशातील ५४ व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रांत अद्याप ५९१ गावे आणि ६४,८०१ कुटुंबे राहत आहेत, त्यांच्या स्थलांतराचे काम रेंगाळले आहे, ते अग्रक्रमाने हाती घ्यावे, असा त्या पत्राचा आशय होता. याच शासनयंत्रणेच्या वनविषयक योजना उघडून पाहाव्यात, तर त्यांच्या प्रस्तावनेत ‘लोकसहभाग’ आणि ‘भागीदारी’ या शब्दांची रेलचेल दिसते. ज्यांना भागीदार म्हणावयाचे, त्यांनाच बिऱ्हाड हलविण्यास सांगावयाचे, हा प्रकार आम्हांस चमत्कारिक वाटतो. म्हणून भागीदारी या शब्दाचाच अर्थ एकदा तपासून पाहणे इष्ट ठरेल.

शाळेतील मुलालाही ठाऊक असते की, भागीदारीच्या गणितात भांडवल, मुदत आणि नफ्याची वाटणी या तीन गोष्टी दिल्यावाचून उत्तर निघत नाही. वनभागीदारीच्या सरकारी गणितात पहिल्या दोन गोष्टी गावाच्या नावे मांडलेल्या असतात. तिसरी बहुधा गाळलेली असते. केंद्र सरकारने १९९० साली संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण जाहीर केले आणि महाराष्ट्राने १९९२ मध्ये ते स्वीकारले. त्यातील गावसमितीची चिटणिशी वनखात्याच्या माणसाकडे आणि जंगलाची मालकी शासनाकडेच राहिली. गावाने पहारा करावा, वणवा विझवावा, रोपे जगवावीत आणि उत्पन्नाचा वाटा खात्याच्या मर्जीने स्वीकारावा, अशी ही मांडणी. तिच्यामुळे काही उजाड टेकड्या हिरव्या झाल्या, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि तिला रखवालदारी म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे झाले असते.

याहून निराळे काय घडू शकते, हे पाहण्यास परदेशी जावयास नको. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे एक लहानसे गाव आहे. इचमपल्ली आणि भोपालपट्टणम् येथील नियोजित धरणांविरुद्ध १९८४-८५ च्या सुमारास जे आंदोलन उभे राहिले, त्यातून या गावाला आपल्या सामर्थ्याची जाणीव झाली. श्री. देवाजी तोफा यांच्यासारखे गावचे कार्यकर्ते आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासातून तेथे अभ्यासगट सुरू झाले. जंगल, कायदा, हिशेब यांचा अभ्यास आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय, अशी त्यांची रीत. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलावयाचा, ही गोष्ट बहुमताच्या मोजणीस सरावलेल्या आपल्या नागरी मनाला भाबडेपणाची वाटेल. वस्तुतः जंगलाच्या बाबतीत ती व्यवहाराची आहे. रात्री कुऱ्हाड घेऊन निघणाऱ्या एका नाराज माणसाला थोपविणे चाळीस वनरक्षकांना साधत नाही. आणि तो माणूस ठरावात सहभागी असेल तर थोपविण्याची गरजच पडत नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावची घोषणा पुष्कळांनी ऐकली आहे. तिच्यामागची ही जिकिरीची बैठक मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

संसदेने २००६ मध्ये वनहक्क कायदा केला, तेव्हा या गावाचा अभ्यास फळास आला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातील अशा पहिल्या गावांपैकी ते एक. पण हक्क मिळाला आणि बांबू अडला! वनस्पतिशास्त्राच्या मते बांबू हे गवत, १९२७ च्या वन अधिनियमाच्या मते २०१७ पर्यंत ते झाड होते. नव्या कायद्याने त्याची गणना स्पष्टपणे गौण वनोपजात केली, तरी वाहतुकीचा परवाना देण्यास खाते तयार होईना. म्हणजे बांबू गावाचा, पण वेशीबाहेर काढला तर चोरीचा. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश आणि मुख्यमंत्री श्री. पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात जाऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एक लहानसे पुस्तक देण्यासाठी दोन सरकारांच्या मंत्र्यांना जावे लागले, यावरूनच त्या पुस्तकाचे मोल ध्यानी यावे. त्या दिवसापासून ही खरी भागीदारी झाली, असे आमचे मत आहे. २०१३ मध्ये गावाने आपली जमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय केला.

हक्क आणि थैली दोन्ही हाती आल्यावर गावे जंगल विकून खातील, अशी भीती घातली जात असे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने तिला परस्पर उत्तर दिले. २०१२ मध्ये हक्क मिळताच त्या गावाने बांबूची विक्री सुरू केली; परंतु तेंदूपाने तोडण्याचे काम हातचा पैसा सोडून बंद केले. कारण सोपे होते. चांगल्या पानांसाठी झाडे छाटावी लागतात, आगी लावल्या जातात आणि त्यात बाकीचे जंगल होरपळते. शिवाय वनाचा एक भाग त्यांनी नव्याने देवराई म्हणून राखला. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीरने उजाड झालेल्या जवळजवळ दोनशे हेक्टरांवर हक्क मिळविला आणि तेथील सीताफळे मुंबईच्या बाजारात स्वतःच्या नावाने आणली.

या विक्रीचा शाळेशी संबंध काय, असे कोणी विचारील. विदर्भातील वनप्रदेशात सुगी संपली की कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि मुले आईबापांच्या पाठोपाठ जातात. हजेरीपटावर नाव राहते, मूल राहत नाही. शिक्षकाने कितीही जीव ओतला तरी रिकाम्या बाकाला धडा शिकविता येत नाही. बांबूतोडीची मजुरी गावातच मिळाली, तर ते बाक भरलेले राहण्याचा संभव निर्माण होतो. शिक्षणावरील कित्येक समित्यांच्या अहवालांत न आढळणारी ही शिफारस आहे!

आरोग्याच्या बाबतीत तर गडचिरोलीनेच देशाला धडा घालून दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात अर्भकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. तीन वर्षांत तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. थोडे शिकलेली खेडूत स्त्री हे काम करील, यावर तेव्हा किती डॉक्टरांचा विश्वास होता? वनाधिकाऱ्यांचा ग्रामसभेवरील अविश्वास त्याच जातीचा आहे.

ग्रामसभा निर्दोष आहेत, असा आमचा दावा नाही. तेंदूच्या लिलावात त्यांनी ठेकेदारांकडून मार खाल्ला आहे, बाकी बुडाली आहे, हिशेबाच्या वह्या अपुऱ्या राहिल्या आहेत, आणि सर्वच गावांत मेंढ्याइतकी समज नाही. पण सहकारी साखर कारखान्यांच्या आरंभकाळात शासनाने भागभांडवल, हमी आणि हिशेबनीस दिले, तेव्हा शेतकऱ्यांची अक्कल कोणी आधी मोजून घेतली होती काय? गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत. त्यांना साधा लेखापाल पुरविण्याची तरतूद मात्र कोणाला सुचत नाही.

उलट, दिलेले परत घेण्याच्या युक्त्या सुचतात. राज्य शासनाने २०१४ मध्ये ग्रामवन नियम काढून वनखात्याची समिती पुन्हा मागील दाराने आत आणली. त्यास केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानेच हरकत घेतली होती. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी, जंगल खाणीस वा अन्य कामास देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती पाहण्याची केंद्राची जबाबदारी राज्यांवर ढकलली. केंद्राने मान्यता देऊन ठेवावयाची आणि संमती मागाहून राज्याने मिळवावयाची, असा उलटा क्रम झाला. भागीदारास न विचारता दुकान विकावयाचे आणि मग त्याची सही आणावयास कारकून पाठवावयाचा, यास व्यापारात काय म्हणतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

वाघाविषयी आपणा शहरवासीयांस जिव्हाळा आहे आणि तो खोटा नाही. परंतु वाघाच्या शेजारी राहण्याचे मोल कोण देतो? मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच वेळी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा गावांतील काही कुटुंबे आपण होऊन बाहेर जाऊ इच्छितात. त्यांना पंधरा लाख रुपयांचे पॅकेज आणि शेतजमीन वेळेवर मिळालीच पाहिजे. मात्र माणूस गेल्यावाचून वाघ वाढत नाही, हे सर्वत्र खरे नाही. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरातील व्याघ्रप्रकल्पात सोलिगा लोकांना २०११ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, ते तेथेच राहिले आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वाघांची संख्या घटली नाही, वाढली.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. वन्यजीवांसाठी गाव हलवावयाचे असल्यास, सहजीवन अशक्य आहे हे आधी शास्त्रीय रीतीने सिद्ध झाले पाहिजे, त्या गावांचे वनहक्क निश्चित झाले पाहिजेत आणि ग्रामसभेने माहिती घेऊन, दडपणावाचून, लेखी संमती दिली पाहिजे. महाराष्ट्रातील सहा व्याघ्रप्रकल्पांपैकी प्रत्येकातील प्रत्येक गावासंबंधी या तिन्ही गोष्टी झाल्या आहेत किंवा नाहीत, याची यादी वनमंत्र्यांनी विधिमंडळापुढे ठेवावी. आणि जे निष्कर्ष काढून गावांना उठण्यास सांगितले जाते, ते कोरकूत वा गोंडीत, ज्याच्या त्याच्या बोलीत, आधी ग्रामसभेपुढे वाचून दाखवावेत.