जेराल्डला इतक्या स्वस्तात सोडू नका




जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकातला जेराल्ड क्रॉफ्ट हाच त्यातल्या त्यात सरळ माणूस, असे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत आहे. ते मला अर्धेच पटते.

पॅलेस थिएटरच्या बारमध्ये एक बडे प्रस्थ डेझी या निराधार तरुणीला त्रास देत असते, तेव्हा जेराल्डच तिला सोडवतो, जेवू घालतो. ही कणव खरी आहे. पुढे डेझीच्या आत्महत्येची चौकशी करायला आलेला इन्स्पेक्टरही ती नाकारत नाही. पण तो तिची राहण्याची सोय करतो ती मित्राच्या रिकाम्या घरात. पुढे कामानिमित्त बाहेरगावी जाण्याआधी चार पैसे हातावर ठेवून संबंध संपवतो. इकडे, जिच्याशी पुढे त्याचे लग्न ठरते त्या शीलाला मात्र कामाच्या व्यापाची थाप!

त्याची खरी परीक्षा तिसऱ्या अंकात होते. डेझीच्या मृत्यूची बातमी ऐकून हादरलेला हा तरुण बाहेर फिरून येतो, तो इन्स्पेक्टर तोतया असल्याचा बचावाचा मुद्दा घेऊनच. इन्स्पेक्टरने फोटो प्रत्येकाला वेगवेगळ्या मुलीचा दाखवला असेल, असा तर्क लढवतो, खातरजमेसाठी इस्पितळात फोन लावतो आणि शीलापुढे पुन्हा साखरपुड्याची अंगठी धरतो. डेझीला आपण वाऱ्यावर सोडले, हे मात्र त्याने स्वतःच कबूल केलेले असते. इन्स्पेक्टर तोतया ठरला म्हणून ते खोटे कसे ठरेल?

शीलाचा भाऊ एरिक याचा गुन्हा अधिक घोर, पण तो निदान पुन्हा कातडी वाचवत नाही. जेराल्ड खलनायक नाही, हे मान्य. त्याला सज्जनपणा परवडतो, तोवरच तो सज्जन असतो.

कळावे,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली