हमीनंतरचें गुपित

यंत्राला मरण आहे, हें मला मान्य आहे. तें केव्हां मेलें हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

गेल्या जून महिन्यांत माझा लॅपटॉप एकाएकीं बंद पडला. एक वर्षाची हमी संपून तेव्हां दोन महिने झाले होते. कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रांतील तरुणानें सांगितलें कीं, मदरबोर्ड गेला आहे. तो सबंध बदलावा लागेल व त्यास ३८,००० रुपये पडतील. "सर, त्यापेक्षां नवाच घ्या," असा सल्लाही त्यानें विनामूल्य दिला. आमच्या प्राध्यापकांच्या खोलींतही हाच निर्णय झाला. ज्यांच्या घरीं आजोबांचें घड्याळ तीनदां दुरुस्त होऊन अद्याप टोले देत आहे, त्या सुशिक्षित गृहस्थांना चौदा महिन्यांच्या यंत्राचें मरण स्वाभाविक वाटावें, ह्याचें मला यंत्र बिघडल्यापेक्षां अधिक वाईट वाटलें.

अखेर लॅमिंग्टन रस्त्यावरील एका लहानशा दुकानांत गेलों. तेथील कारागिरानें मल्टिमीटर लावून पाहिला. वीजपुरवठ्याच्या मुख्य वाटेवरील, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा एक कपॅसिटर आंतल्या आंत शॉर्ट झाला होता. तो काढून त्यानें दुसरा बसविला. एकूण खर्च १,८०० रुपये! मात्र दोष हुडकण्यास मदरबोर्डाचा आराखडा लागला. "हा तुम्हांला कोठून मिळाला?" असें मीं विचारलें. तो हसून म्हणाला, "तेवढें विचारूं नका, सर."

प्रामाणिक कारागिराला आपल्या विद्येचें साधन चोरवाटेनें मिळवावें लागावें, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि ती लाज त्याची नव्हे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. हमीच्या मुदतींत यंत्र सुधारून देण्याचा भार कंपनीवर असतो. तोंवर तिनें आपलीं कुलुपें खुशाल सांभाळावींत. परंतु ज्या दिवशीं ती हा भार खालीं ठेवते, त्या दिवसापासून आराखडे, सुटे भाग व दुरुस्तीच्या पुस्तिका खुल्या करणें हें तिचें कर्तव्य ठरतें. जबाबदारी संपली, पण मक्तेदारी मात्र राहिली, हा कोणता न्याय?

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला व्यापारी गुपिताचा. आय. बी. एम. कंपनीनें १९८१ सालीं आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, तेव्हां त्याच्या तांत्रिक ग्रंथांत विद्युन्मंडलांचे आराखडे आणि बायोसची संहिताही छापली होती. त्या संगणकाच्या प्रतिकृति निघाल्या, हें खरें. पण त्याचीच रचना पुढें जगाचें प्रमाण झाली. शिवाय आजचा प्रतिस्पर्धी बाजारांतून एक लॅपटॉप विकत घेऊन आपल्या प्रयोगशाळेंत तो उसवूं शकतोच. तेव्हां हें गुपित राहतें तें केवळ गल्लींतील कारागिरापासून व यंत्राच्या मालकापासून. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. लिथियमची बॅटरी चुकीच्या हातीं पेट घेऊं शकते, ह्यांत संशय नाहीं. पण म्हणूनच ती कशी काढावी, हें लिहून देणें अधिक अगत्याचें नव्हे काय?

फ्रान्सनें १ जानेवारी २०२१ पासून, लॅपटॉप विकतांना त्याच्या दुरुस्तीच्या सोयीस दहापैकीं किती गुण मिळाले, हें ग्राहकास दाखविणें सक्तीचें केलें. माहितीची उपलब्धता, उघडण्याची सुलभता, सुट्या भागांची उपलब्धता व किंमत ह्या गोष्टी त्या गुणांत धरल्या जातात. आपल्या केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानेंही जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजीं त्यासाठीं संकेतस्थळ सुरू केलें. हें स्तुत्य आहे; परंतु विनंतीनें जीं कुलुपें निघत नाहींत, त्यांना कायद्याचीच किल्ली लागते.

तोंवर वाचकांनीं निदान दोन गोष्टी कराव्या. लॅपटॉप घेतांना रंग व वजन ह्यांबरोबरच, बॅटरी, रॅम आणि डिस्क बदलतां येतात काय, हेंही विक्रेत्यास विचारावें. आणि तो बंद पडल्यास, विकणाऱ्याच्याच तोंडून आलेला मृत्यूचा दाखला दुसऱ्या जाणत्या माणसास दाखविल्यावांचून स्वीकारूं नये.

प्रस्तुत लेख मीं त्याच लॅपटॉपवर लिहिला आहे. कंपनीच्या हिशेबीं तो जूनमध्येंच वारला.