कोजागरीचा चंद्र आणि पृथ्वीची सावली

आज कोजागरी. तोरणमाळच्या यशवंत तलावावर आणि तापीकाठच्या प्रकाशा गावावर आज एकच चंद्र उगवेल. अंगणात दूध आटत असता घरातील मूल कदाचित विचारील, ‘त्या वर्षी आपण दूध का केले नव्हते?’ २०२३ साली, २८ ऑक्टोबरची कोजागरी तशी गेली खरी. ग्रहण लागले मध्यरात्रीनंतर १ वाजून ५ मिनिटांनी, झाकली गेली ती बिंबाची जेमतेम एक कड; परंतु वेध दुपारीच लागल्याने कित्येक घरी दुधाचे पातेले चुलीवर चढलेच नाही.

राहूचे नाव सांगून मुलाला गप्प करणे सोपे आहे. आमची विनंती अशी की, दूध आटेपर्यंत घटकाभर चांदणे सोडून त्याला अंधाऱ्या खोलीत न्यावे. त्याच्या डोक्याच्या उंचीवर दिवा ठेवावा, दिव्याकडे पाठ करून त्यास उभे करावे आणि पुढे केलेल्या हातात चेंडू द्यावा. दिवा हा सूर्य, चेंडू हा चंद्र आणि मुलाचे डोके ही आपली पृथ्वी. डोक्याची सावली चेंडूवर पडली की झाले ग्रहण! मग दर पौर्णिमेला ते का होत नाही? चेंडू किंचित वर धरावयास सांगावे, सावली चुकते. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, एवढेच ते गूढ. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास हेच छायेचे कारण सांगितले. आणि ज्या पंचांगात आपण वेध पाहतो, त्यातील ग्रहणाची वेळही सावलीच्याच गणिताने निघते. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री चंद्र ८२ मिनिटे पूर्ण सावलीत होता, तरी काळा न पडता तांबूस दिसला. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळलेला तांबडा प्रकाश त्यावर पडत होता.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. ज्या घरात गरोदर सून असते, तेथे ग्रहण म्हणजे तिला तासन् तास अन्नपाणी वर्ज्य. कुपोषणाशी झुंजणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हा उपवास कोणत्या मातेला परवडणार? पुढे बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला, तर ‘ग्रहणात हिने विळी हाती धरली’ हा ठपकाही तिच्याच माथी. वस्तुतः तो ओठ गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, आणि शस्त्रक्रियेने नीट होतो. हे सारे बोलणे कोपऱ्यात बसलेले मूल ऐकत असते.

आजी वेध पाळीत असेल, तर तिची थट्टा करावयास मात्र मुलास शिकवू नये. चेंडू तिच्याही हाती द्यावा. आणि पुढील ग्रहणात आईला पाण्याचा तांब्या नेऊन देण्याचे काम त्याच मुलाकडे सोपवावे.