बी-वनच्या पुढचं जर्मन

जर्मन शिकणाऱ्या नोकरदार माणसांशी बोलताना एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘बी-वन झालं, पण गाडी तिथेच अडली.’ ए-वन या पहिल्या पातळीच्या वर्गात दर आठवड्याला काहीतरी नवं हाती लागत होतं. नाव-गाव सांगता आलं, मग दुकानात भाव विचारता आला, मग कालची हकिगत सांगता आली. बी-वन ही मधली पातळी पास झाल्यावर मात्र महिनोन्‌महिने अभ्यास करूनही पाऊल पुढे पडल्यासारखं वाटत नाही. बरेच जण इथेच वही मिटतात आणि वयाला बोल लावतात. मी चाळिशीनंतर ही भाषा शिकले, या टप्प्यावर बराच काळ काढला. इथे वयाचा दोष थोडा असतो, अभ्यासाची रीत बदलायची वेळ आलेली असते, असं माझं ठाम मत आहे.

गती मंदावते त्याचं कारण साधं आहे. कुठल्याही भाषेत थोडे शब्द सतत येतात आणि बाकीचे हजारो क्वचित. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-वन परीक्षेची शब्दसूची सुमारे २,४०० शब्दांची आहे. त्यातले बहुतेक पावलोपावली भेटतात, म्हणून फारसे कष्ट न घेता पक्के होतात. त्यापलीकडचा शब्द आज वाचला, तर पुन्हा कधी समोर येईल याचा नेम नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिलं होतं, की उजळणी झाली नाही तर पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर विसरतं. तेव्हा या टप्प्यावर शब्दांची पुन्हा गाठ पडेल, अशी सोय आपणच करायला हवी.

ती करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे काही आठवडे एकाच विषयावर वाचणं. स्टीफन क्रॅशन या अमेरिकी भाषातज्ज्ञाने याचा पुरस्कार केला आहे. मी रेल्वे हा विषय घेतला, कारण उशिरा धावणाऱ्या गाड्यांवर जर्मन वृत्तपत्रं सतत लिहितात. पहिल्या लेखाला ओळीओळीला कोश उघडावा लागला. पण ‘फरश्पेटुंग’ म्हणजे उशीर, ‘आन्श्लुस’ म्हणजे पुढची जोडगाडी, ‘आउसफालन’ म्हणजे गाडी रद्द होणं, हे शब्द लेखामागून लेखात येत राहिले आणि अंगवळणी पडले. ‘आउसफालन’ वाक्यात दुभंगतं आणि त्यातलं ‘आउस’ पार शेवटी जाऊन बसतं, हेही नियम न घोकता नजरेत भरलं.

पण नुसतं वाचून-ऐकून भागत नाही. कॅनडात शाळेतले विषय फ्रेंचमधून शिकणारी इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच छान समजत असे, तरी ती बोलताना-लिहिताना व्याकरणात अडखळत. ते पाहून भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ साली मांडलं, की बोलायला-लिहायला भाग पडल्याशिवाय आपल्या भाषेतल्या फटी आपल्याला दिसत नाहीत. जर्मनमध्ये हे फार खरं आहे. नामाआधी विभक्तीनुसार बदलणारं उपपद ‘डेर’ आलं, ‘डेन’ आलं की ‘डेम’, हे लक्षात न येताही बातमी कळते, म्हणून कान तिकडे दुर्लक्ष करतो.

यावर मला सर्वांत फळलेला सराव सांगते. डॉइचे वेले ही प्रसारणसंस्था सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासकट देते. त्यातली एकच बातमी दोनदा ऐकायची, जुजबी टिपणं घ्यायची आणि मजकूर न पाहता ती पूर्ण वाक्यांत लिहून काढायची. मग मूळ मजकूर शेजारी ठेवून लाल पेनाने ताडायची. ‘मिट’ म्हणजे ‘सह’, त्यापुढे ‘डेम’ हवं तिथे ‘डेन’ पडलेलं, दुय्यम वाक्यातलं क्रियापद मध्येच राहिलेलं, सगळं उघडं पडतं. ज्या चुका पुन्हापुन्हा दिसतील, त्याच पुढच्या आठवड्याचा अभ्यास.

ही मेहनत आता केवळ हौसेची राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. तिथे परिचारिका म्हणून काम करायचं तर सहसा बी-टू ही त्यापुढची पातळी लागते. त्या राज्याच्या मोठ्या भागात श्वेबिश बोली चालते. आपलं दुखणं सांगणारी म्हातारी आजी पाठ्यपुस्तकातलं जर्मन बोलणार नाही. तिचं म्हणणं नीट कळणं आणि तिला धीर देता येणं, यासाठी बी-वनवर थांबून चालणार नाही.

म्हणून या टप्प्यावर थांबलेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. एक विषय निवडा, त्यावर वाचा, ऐका, लिहा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. आज त्या विषयावर दोन मिनिटं बोलून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. तीन महिन्यांनी त्याच विषयावर पुन्हा बोला आणि दोन्ही लागोपाठ ऐका. रोजच्या रोज न दिसणारी प्रगती तिथे कानाने पारखता येते. जर्मन सोडायचं की नाही, हे त्यानंतर ठरवा.