लबूबूचं श्रेय खोक्याला देऊ नका

चीनच्या पॉप मार्ट या खेळणी कंपनीबद्दल गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं. तिचे चाहते आणि तिचे टीकाकार इतर सगळ्या बाबतींत भांडतात, पण एका मुद्द्यावर दोघांचं एकमत आहे. ही कंपनी वाढली ती बंद खोक्यामुळे, असं दोघेही मानतात. आत कोणती बाहुली आहे हे पैसे देईपर्यंत कळत नाही, हवी ती निघाली नाही तर माणूस पुन्हा घेतो, आणि अशा रीतीने कंपनी गब्बर होते. चाहते याला धंद्यातली हुशारी म्हणतात आणि टीकाकार जुगार. माझ्या मते दोघांचंही निदान चुकलं आहे. खोक्याने कंपनीला पैसा मिळवून दिला हे नाकारता येणार नाही, पण तिला उभं केलं ते चित्रकारांनी. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तो मान्य केला की मुलांच्या हाती बंद खोकं देण्याचं एकही कारण शिल्लक राहत नाही.

बंद वेष्टनातून खेळणं विकण्याची युक्ती मुळात पॉप मार्टची नाही. किंडर सरप्राइजचं चॉकलेटचं अंडं इटलीत १९७४ साली आलं. नाणं टाकून गोल डबीतलं खेळणं मिळवायची यंत्रं जपानमध्ये बांदाई कंपनीने त्याच दशकात रुजवली. लेगोने २०१० पासून आपली छोटी माणसं बंद पाकिटांत विकली. अमेरिकेत एल.ओ.एल. सरप्राइजच्या बाहुल्याही अशाच थरावर थर सोलून काढायच्या. युक्ती सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळ्यांना मोकळी होती. तिच्यातच यश असतं तर ती वापरणारा प्रत्येक दुकानदार आज पॉप मार्टएवढा झाला असता.

खरी गोष्ट २०१६ सालची आहे. वांग निंग या तरुणाने २०१० मध्ये बीजिंगच्या चोंगक्वानचुन भागात पहिलं दुकान काढलं, तेव्हा तिथे नाना तऱ्हेच्या शोभेच्या नि वापरायच्या वस्तू मिळत. त्यातली सॉनी एंजल ही छोटी जपानी बाहुली तडाखेबंद खपू लागली. तीही बंद खोक्यातच यायची! म्हणजे खोकं दुकानात आधीपासून होतं. पण बाहुली दुसऱ्याची होती, आणि दुसऱ्याच्या बाहुलीवर आपलं घर बांधता येत नाही हे वांग निंग यांना कळलं. त्यांनी वेइबो या चिनी समाजमाध्यमावर ग्राहकांनाच विचारलं की सॉनी एंजलखेरीज तुम्ही आणखी काय जमवता? अनेकांनी मोलीचं नाव घेतलं. हाँगकाँगचे कलावंत केनी वाँग यांनी २००६ मध्ये घडवलेली ही मुलगी, ओठ फुगवलेली, मोठ्या डोळ्यांची, कुणाची पर्वा न करणारी. तोवर ती हौशी संग्राहकांच्या छोट्या वर्तुळातच फिरत होती. पॉप मार्टने २०१६ मध्ये वाँग यांच्याशी करार केला आणि त्याच वर्षी राशिचक्रावरची मोलीची मालिका आणली. २०१८ मध्ये कंपनीच्या एकूण उत्पन्नातला ४० टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या मोलीचा होता. २०१७ चं सुमारे १६ कोटी युआनचं उत्पन्न २०१९ मध्ये १६८ कोटींवर गेलं.

याच्या उलट बाजूचा पुरावा त्याहून बोलका आहे. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने ३८.५० हाँगकाँग डॉलर दराने शेअर विकले. दोन-तीन महिन्यांत त्यांनी शंभरी ओलांडली आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ते दहाच्या आसपास घसरले. २०२२ मध्ये उत्पन्न जेमतेम ४४९ कोटी युआनवरून ४६२ कोटींवर सरकलं आणि नफा ८५ कोटींवरून ४८ कोटींच्या खाली आला. चीनमधल्या टाळेबंदीचा त्यात मोठा हात होता, हे मी मान्य करतो. तरीही प्रश्न उरतोच. खोकं तेच होतं, त्यातली अनिश्चितता तीच होती. माणसाला पुन्हा पुन्हा खेचून आणणारी जादू त्या खोक्यात होती, तर ती त्या वर्षी कुठे गेली?

आणि मग ती परत आली कशी? कासिंग लुंग हाँगकाँगमध्ये जन्मले आणि नेदरलँड्समध्ये वाढले. उत्तर युरोपातल्या लोककथा वाचत ते मोठे झाले, आणि २०१५ मध्ये त्यांनी मुलांसाठी चित्रपुस्तकं काढली. ससुल्यासारखे कान आणि करवती दात असलेली लबूबू त्या पुस्तकांतली. पॉप मार्टशी त्यांचा करार २०१९ मध्ये झाला. त्यानंतरची चारेक वर्षं लबूबूने काही आभाळ फाडलं नाही, तरी कंपनीने तिला फडताळावरून उतरवलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मऊ केसाळ अंग मिळालं आणि पिशवीला अडकवायची कडी मिळाली. लुंग यांच्या या पात्रपरिवाराची विक्री २०२३ मध्ये ३७ कोटी युआन होती, ती २०२४ मध्ये ३०४ कोटी झाली. कंपनीचं एकूण उत्पन्न १,३०४ कोटींवर पोहोचलं. या दोन वर्षांत खोकं बदललं नव्हतं. बदललं होतं पात्राचं रूप.

इथे कुणी म्हणेल, ही तर ब्लॅकपिंक या कोरियन गानसमूहातल्या लिसाची पुण्याई. एप्रिल २०२४ मध्ये लिसाने लबूबूसोबतची छायाचित्रं टाकली आणि थायलंडपासून लाट उठली, हे खरंच आहे. पण त्याच वर्षी मोलीने २०९ कोटी, स्कलपांडा या आणखी एका पात्राने १३१ कोटी आणि एका थाई चित्रकर्तीच्या क्रायबेबीने ११६ कोटी मिळवले. क्रायबेबीच्या गालावर अश्रू असतात. रडणारं मूल कुणी विकत घेईल असं बाजाराच्या कुठल्याही पंडिताने सांगितलं नसतं. ते एका कलावंताला वाटलं, आणि कंपनीने तिच्यावर विश्वास टाकला. पॉप मार्टच्या वाढीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. खेळण्याच्या धंद्यात कलावंत बहुधा निनावी राहतो. इथे खरेदीदार मुलंही केनी वाँग आणि कासिंग लुंग ही नावं घेतात.

आता टीकाकारांकडे वळतो. त्यांच्यातला एक गट संग्रहाच्या छंदावरच घसरतो. मुलांनी वस्तू जमवू नयेत, त्याने हाव वाढते, असं त्यांचं सांगणं. हे मला अजिबात पटत नाही. आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी काड्यापेट्यांचे छाप, पोस्टाची तिकिटं, गोट्या जमवल्या. जमवताना मूल वर्गवारी करतं, अदलाबदल करतं, घासाघीस शिकतं, एका वस्तूकडे बारकाईने बघायला शिकतं. दुसरा गट म्हणतो, हा फुगा आहे, अमेरिकेतल्या बीनी बेबीज या खेळण्यांच्या वेडासारखा फुटेल. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या एका लिलावात माणसाएवढी लबूबू १० लाख ८० हजार युआनला गेली, तेव्हा हे बोलणं साहजिक होतं. त्याच महिन्यात कंपनीने जादा माल बाजारात सोडला आणि पुनर्विक्रीचे भाव कोसळले. त्यात वाईट काय झालं? साठेबाज बुडाला आणि खेळणं खेळण्याच्या किमतीला मिळू लागलं. मला तर त्यात कंपनीचं बळच दिसतं.

जुगाराचा आरोप मात्र असा झटकून टाकता येत नाही. बारा बाहुल्यांची मालिका घ्या, एका खोक्याची किंमत ५९ युआन धरा. ज्याच्या खिशात ७०८ युआन आहेत, तो बारा खोक्यांचा अख्खा बॉक्स उचलतो आणि त्याला सहसा बाराही बाहुल्या वेगवेगळ्या मिळतात. त्याच्यासाठी यात नशिबाचा भाग फारसा उरतच नाही. ज्याच्याकडे खाऊचे पैसे साठवून एका वेळी एकाच खोक्याची ऐपत येते, त्याने दर वेळी वेगळ्या गठ्ठ्यातून खोकं उचललं तर सगळ्या बारा हाती यायला सरासरी ३७ खोकी लागतात, म्हणजे सुमारे २,२०० युआन. तोच संच, तिप्पट पैसे. शिवाय १४४ खोक्यांत एक निघणारी गुप्त बाहुली या हिशेबात धरलेलीच नाही. बंद खोक्याचा खरा भुर्दंड ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे आहेत त्यालाच पडतो, आणि तो बहुतेकदा लहान मूल असतो. यावर कंपनीच्या बाजूने उत्तर येतं की आमचा ग्राहक प्रौढ आहे, खोक्यावर १५ वर्षांपुढील असं छापलेलं असतं. छापलेलं असेल, पण दुकानाची काच रंगीत खेळण्यांनी भरायची, ती मॉलमध्ये मांडायची, आणि आत शिरलेल्या मुलाला छापील ओळ दाखवायची, हे मला प्रामाणिक वाटत नाही.

चीनच्या सरकारला हे कळलेलं आहे. जानेवारी २०२२ मध्ये केएफसीच्या जेवणासोबत पॉप मार्टची दीमू ही बाहुली बंद खोक्यात दिली गेली आणि एका गिऱ्हाइकाने १०,४९४ युआन खर्चून १०६ जेवणं घेतली. तिथल्या ग्राहक संघटनेने त्यावर जाहीर टीका केली. जून २०२३ मध्ये बाजार नियामकाने आठ वर्षांखालच्या मुलांना अशी खोकी विकू नयेत आणि त्यापुढच्या मुलांच्या खरेदीला पालकांची संमती असावी, अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कोणती बाहुली निघण्याची किती शक्यता, हे जाहीर करायलाही सांगितलं. पाऊल योग्यच आहे, पण अपुरं आहे. विक्री यंत्रासमोर उभ्या असलेल्या मुलाचं वय कोण तपासणार? आणि १४४ त एक म्हणजे नक्की काय, हे बारा वर्षांच्या पोराला सोडाच, त्याच्या पालकांना तरी कुठे उमगतं?

लबूबू मुंबई-पुण्यातही येऊन पोहोचली, बरीचशी नकली रूपात. भारताने खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के केलं, ते आपली खेळणी उभी राहावीत म्हणून. शुल्काच्या आडोशाने कारखाने उभे राहतील, पण मोली नि लबूबू शुल्कातून जन्मत नाहीत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये चिंटू आणला आणि महाराष्ट्रातल्या घराघरात त्याला माया मिळाली. अशा चित्रकारांशी बरोबरीच्या नात्याने करार करणं आणि त्यांच्या पात्राला चार-पाच वर्षं सांभाळणं, हे पॉप मार्टकडून घ्यावं. खोकं घेऊ नये.

पॉप मार्टकडे माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक मालिकेतल्या नेहमीच्या बाहुल्या दुकानात उघड्या, निवडून घेता येतील अशा ठेवाव्यात, त्याच किमतीला. गुप्त बाहुलीचा खेळ मोठ्यांना हवा असेल तर मोठ्यांनी खेळावा. याने धंदा बसेल ही भीती कंपनीच्याच आकड्यांपुढे टिकत नाही. मोठ्या आकाराच्या मूर्तींची तिची मेगा मालिका आहे. त्यातल्या बहुतेक मूर्ती उघड विकल्या जातात आणि त्यांच्या किमती हजारांच्या घरात जातात. २०२४ मध्ये त्या मालिकेने १६८ कोटी युआन मिळवले. पैसेवाल्या प्रौढाला आपली मोली बघून निवडता येते. ५९ युआन मुठीत धरून आलेल्या मुलीला ती निवडू द्यायला कंपनीला कसली अडचण आहे?