संशोधनाचे धनी कोण?

१९७१ साली मुंबईतील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. आर. के. स्वामी यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात एका दुर्मिळ, आनुवंशिक मेंदूविकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. लहान मेंदू झिजत जातो, चालताना तोल सुटतो, उच्चार अस्पष्ट होतात, डोळ्यांची हालचाल मंदावते, असा हा विकार. नऊ कुटुंबांच्या अभ्यासावर ते संशोधन उभे होते. मुंबईने वैद्यकशास्त्राला दिलेली ही देणगी मोलाची आहे. परंतु संशोधकांची नावे शास्त्राच्या इतिहासात राहिली, तरी ‘तुम्हांला काय जाणून घ्यायचे आहे?’ असे रुग्णाला विचारण्याची त्या काळी फारशी रीत नव्हती.

आज ही रीत केवळ सौजन्यावर सोडलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या सहाव्या कलमानुसार अपंग व्यक्तीवर संशोधन करायचे तर तिला समजेल अशा माध्यमातून मिळवलेली तिची मुक्त संमती हवी. शिवाय सरकारने नेमलेल्या संशोधन समितीची पूर्वपरवानगी हवी. या समितीचे किमान निम्मे सदस्य स्वतः अपंग किंवा नोंदणीकृत संस्थांचे सदस्य असले पाहिजेत. या ‘किंवा’तच खरी मेख आहे. कायद्याच्या व्याख्येत पालकांच्या संघटना आणि कल्याणकारी न्यासही बसतात. म्हणजे एकाही अपंगाला न बसवता हा कोटा भरता येईल! पालकांची तळमळ खरी असते. पण पन्नाशीच्या प्रौढ माणसाचे मत त्याच्या भावाने मांडावे, हा हक्क नव्हे, पालकत्व आहे.

विरोधक म्हणतील, विज्ञान मतदानाने ठरत नाही. मान्य. जनुकाचा शोध प्रयोगशाळेतच लागेल, आणि तसा तो १९९६ मध्ये या विकाराच्या एका प्रमुख प्रकाराबाबत लागलाही. परंतु औषधाचा गुण कशाने मोजायचा? सरळ रेषेत टाकलेल्या पावलांनी, की चाळीचा जिना चढून गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत आधाराविना जाता येण्याने? आजाऱ्याच्या निरोगी दिसणाऱ्या मुलालाही हा वारसा मिळण्याची शक्यता निम्मी असते. लग्नाआधी त्याने जनुकचाचणी करावी काय, आणि न जाणून घेण्याचा त्याचा हक्क कोणी राखायचा? अडखळत चालणाऱ्याला रस्त्यावर बेवडा ठरवून मोकळे होणाऱ्या समाजाचे काय? हे प्रश्न सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. ते भोगणाऱ्यालाच ठाऊक असतात.

लालबागला हा विषय परका नाही. शेजारच्या परळचे महापालिकेचे केईएम रुग्णालय राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरण, २०२१ अन्वये उत्कृष्टता केंद्र आहे. या धोरणाखाली ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते; पण ते उपचार उपलब्ध असलेल्या ठरावीक रोगांसाठी. ज्यांच्या विकाराला औषधच नाही, त्यांच्यासाठी संशोधन हीच आशा. म्हणूनच त्यात त्यांचा शब्द चालला पाहिजे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. समितीतील निम्म्या जागा स्वतः अपंग असलेल्यांनाच द्याव्यात. संमतिपत्र सोप्या मराठीत असावे व बोलायला वेळ लागणाऱ्यास तो वेळ मिळावा. संशोधनासाठी बुडालेली मजुरी आणि सोबत्याचे भाडे भरून द्यावे. निष्कर्ष प्रथम सहभागी झालेल्यांना सांगावेत. राज्याच्या समितीवर कोण आहेत, ती किती वेळा बसली, हे कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात विचारावे.

मागावर राबायचे कामगाराने आणि निर्णय घ्यायचा मालकाने, ही वाटणी गिरणगावाने कधीही निमूटपणे मान्य केली नाही. १९८२ च्या संपातील अडीच लाख कामगार याच मातीतले. देह एकाचा आणि प्रश्न दुसऱ्याचा, ही वाटणीही आपण मान्य करता कामा नये.